चर्च उन्हाळ्यात खाली जातं

मार्लाचं लायसन गेलं ते नोव्हेंबरात आणि अर्धंमुर्धं परत मिळालं ते जानेवारीत. अर्धंमुर्धं म्हणजे किती, हे कोर्टाच्या कागदावर लिहिलेलं होतं. घरापासून ड्वेन रूडच्या गोठ्यापर्यंत, सकाळ-संध्याकाळ दूध काढायच्या वेळेला. मंगळवारी दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला. शुक्रवारी दुकानात. रविवारी नऊ ते बारा चर्चला. याबाहेर कुठे तिची पिकअप दिसली, की होतं तेवढंही जाणार. येत्या जानेवारीपर्यंत सरळ वागली तर मात्र पुरं लायसन मिळेल आणि मग ब्रेनाला, तिच्या चौदा वर्षांच्या मुलीला, शेजारी बसवून गाडी चालवायची मोकळीक. तोवर नाही. मार्ला या जानेवारीवर जगत होती.

गाडी सुरू करण्याआधी फुंकावं लागे. एक काळी नळी तारेला जोडलेली, तिच्यात दमभर फुंकलं आणि तोंडाला दारूचा वास नसला तरच इंजिन लागे. बरं, एकदा फुंकून सुटका नव्हती. वाटेत मधेच ती नळी टिवटिवायला लागे, की पुन्हा फुंका. मार्लाचा बाप ऑर्विल त्या नळीला फुंकणी म्हणायचा.

"फुंक बाई, फुंक," तो शेजारी बसून म्हणायचा. "पेटली का चूल?"

"बाबा, गप्प बसा. नाहीतर उतरा."

"उतरून जाऊ कुठं? माझं लायसन डोळ्यांपायी गेलं, तुझं ब्रँडीपायी. घरात माणसं दोन, गाड्या दोन आणि लायसन एक, तेही फाटकं."

म्हातारा एक्याऐंशीचा होता. बोलायला तिखट, पण ती सकाळी साडेतीनला उठायची तेव्हा तिच्याआधी उठून कॉफी करून ठेवायचा.

ब्रँडीपायी गेलं हे खरंच होतं. शुक्रवारी रात्री माशाच्या जेवणाला सगळा मुलूख हॉटेलात असतो, तशी तीही होती. दोन ग्लास झाले, मग तिसरा कुणीतरी पाजला, चौथा तिने स्वतः मागवला. मोसमातलं पहिलंच बर्फ रस्त्यावर धरलं होतं. गाडी ओढ्यात गेली. मार्लाला खरचटलंही नाही, शेजारी बसलेल्या ब्रेनाचं उजव्या बाजूचं गळ्याचं हाड मोडलं. पोरगी रडली नाही, नुसती "आई, आई" करत राहिली. ते मार्लाच्या कानातून अजून गेलेलं नव्हतं. ब्रेना तेव्हापासून बापाकडे, खोऱ्यात. कर्टिसशी मार्लाचा काडीमोड होऊन सहा वर्षं झाली होती. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या घरात त्याच्या आईचं, मार्जरीचं चालायचं.

हिवाळा त्यातल्या त्यात बरा गेला, आणि तो चर्चमुळे.

त्या भागात चर्चं दोन आणि पास्टर एक. एक चर्च वर टेकडीवर, एक खाली खोऱ्यात. दोन्ही नॉर्वेहून आलेल्या आज्या-पणज्यांनी बांधलेली. चाळीस वर्षांपूर्वी बिशपने दोन्ही मंडळ्या एकत्र केल्या तेव्हा ठरलं, की वरच्या चर्चची ऊब देणारी भट्टी चांगली म्हणून हिवाळ्यात प्रार्थना वर होईल आणि ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारपासून, म्हणजे पेंटेकॉस्टपासून, पहिलं हिम पडेपर्यंत खाली. त्याच वर्षी खालच्यांनी एका बाप्तिस्म्यासाठी वरचं दगडी कुंड नेलं आणि ते आजतागायत परत दिलं नाही. त्या कुंडापायी टेकडीवरची पाच-सहा घरं उन्हाळ्यात चर्चलाच जात नसत. वरच्या चर्चची किल्ली आणि घंटा ऑर्विलकडे होती, आणि चाळीस वर्षांत त्याने खालच्या चर्चचा उंबरा ओलांडला नव्हता.

हिवाळ्यात मात्र खालचे सगळे वर येत. कर्टिस यायचा, मार्जरी यायची, आणि दोघांच्या मधे ब्रेना. ती माणसं तिसऱ्या बाकावर, मार्ला पाचव्या. तासभर मार्ला ब्रेनाची वेणी बघायची. वेणी नीट घातलेली असली की तिला वाईट वाटायचं, विस्कटलेली असली की बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लाज वाटायची. मग तळघरात कॉफी. तिथे मायलेकींना दहा मिनिटं मिळत.

फेब्रुवारीत ब्रेना सांगत होती, "पास्टरबाई आम्हाला घंटा ओढायला शिकवतायत. कन्फर्मेशन झालं की एकेकाने एकदा ओढायची, आडनावाच्या क्रमाने. सगळ्या खोऱ्याला कळायला पाहिजे ना."

"माहितीये की. मीही ओढलीये."

"दोरी जड आहे गं. या खांद्याने जोरच येत नाही. मग मी सरळ दोरीला लोंबकळते. मग घंटा एकदा मोठ्यांदा वाजते आणि मागून एकदा बारीक. टण्ण... टिण. पोरं हसतात मला."

"हसू देत."

"तू येशील ना?"

"हा काय प्रश्न झाला? येणार म्हणजे येणार."

असं ती म्हणाली, कारण तिच्या डोक्यात कन्फर्मेशन, पोरं मंडळीत रीतसर दाखल होण्याचा तो विधी, इथेच व्हायचं होतं, डोक्यावरच्या या घंटेखाली. जानेवारीत कोर्टाच्या कचेरीतल्या बाईने विचारलं होतं, "चर्च कुठलं?" तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि चर्च म्हणजे वरचं, दुसरं कुठलं असणार? मार्लाने वरच्या चर्चचं नाव सांगितलं, बाईने टाइप केलं, जजने सही केली. मार्चमध्ये पास्टरबाईंनी वेदीपुढे उभं राहून सांगितलं, की पेंटेकॉस्टला खाली पाच मुलांचं कन्फर्मेशन आहे. तेव्हा मार्लाला तो कागद आठवला. चर्च उन्हाळ्यात खाली जातं हे ती जन्मापासून बघत आली होती. आणि कागदावर नेमकं तेच सांगायचं राहिलं होतं.

ती कचेरीत गेली, ड्वेनच्या बायकोच्या गाडीतून. खिडकीतली बाई दुसरीच होती.

"बदल करून मिळेल. अर्ज द्या. सुनावणीची तारीख जूनच्या शेवटी."

"पण मला आठ जूनला पाहिजे."

"चर्च काय, दर रविवारी असतं की," बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, म्हणून तर जास्त लागलं.

परत येताना ड्वेनची बायको बॉनी म्हणाली, "एवढं तोंड पाडू नकोस. आम्ही जाणारच आहोत ना खाली. तुला घेऊन जाऊ. दूध काढून झालं की आमच्याकडेच आंघोळ कर, कपडे बदल, आणि चल."

त्यावर मार्ला निश्चिंत झाली. निळा झगा इस्त्री करून ठेवला. झग्याच्या खिशात ब्रेनासाठी आजीचा चांदीचा बिल्ला ठेवला, नॉर्वेकडचा, लोलक लावलेला. दोन महिने तो बिल्ला तिथेच होता.

पण ते वर्ष पाण्याचं निघालं. मे महिनाभर पाऊस. नदी पात्र सोडून पाणथळीत पसरली. खालचं चर्च वरून सरळ बघितलं तर दोन-तीन मैल, मधे मात्र हे सगळं पाणी, आणि पूल पार तिकडे वरच्या अंगाला, म्हणून रस्त्याने चौदा मैल. लसूणघास कंबरेएवढा वाढून लोळायला लागला. पहिली कापणी व्हायला हवी होती, पण कापला घास वाळायला तीन दिवस ऊन लागतं आणि ऊन काही टिकत नव्हतं. ड्वेन दिवसातून चारदा आभाळाकडे बघायचा आणि गाईंना शिव्या द्यायचा. गाई बिचाऱ्या मागच्या सालचा आंबूस मुरघास खात उभ्या असायच्या.

गुरुवारी आभाळ उघडलं. ड्वेनने रात्रीपर्यंत चाळीस एकर घास आडवा केला. शनिवारी संध्याकाळी दूध काढताना तो गोठ्यात आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. हा माणूस एरवी कधी टेकून उभा राहत नसे. मार्ला गाईच्या सडांना यंत्राचे पेले लावत होती. तिने वर बघितलं नाही. तिला कळलं.

"उद्या दुपारनंतर पाऊस सांगितलाय," ड्वेन म्हणाला.

"हं."

"सकाळी गठ्ठे बांधले नाहीत तर सगळा सडणार. बॉनी एका ट्रॅक्टरवर, मी एका. रविवारी काम करायचं म्हणजे... पास्टरबाईला मी सांगितलंय."

"तुझा इलाज नाही, ड्वेन."

"मला वाईट वाटतंय, मार्ला."

"म्हटलं ना, इलाज नाही." तिने दुसऱ्या गाईकडे वळून तिची कास पुसायला घेतली. हात आयोडीनने पिवळे झालेले, बोटांच्या पेरांना चिरा. गाईने पाय झाडला तो तिच्या मनगटावर बसला, आणि डोळ्यांत पाणी यायला एक निमित्त मिळालं.

घरी येऊन तिने कर्टिसकडे फोन लावला. खोऱ्यात मोबाईल लागत नाही, घरचाच फोन. तो मार्जरीने उचलला.

"उद्या कुणी मला न्यायला येऊ शकेल का? ड्वेनच्या घासाची घाई आहे."

"उद्या माझ्याकडे तीस माणसं जेवायला आहेत, मार्ला. चौदा मैल यायचं, चौदा जायचं. कोण मोकळं आहे?"

"कर्टिस?"

"कर्टिस पोरीचा बाप आहे. तो सकाळी पोरीजवळ नको? आणि खरं सांगू का, गाडीत तू असलीस म्हटलं की मलाच धडधडतं."

"मी चालवणार नाही, मार्जरी. मागे बसेन."

"तेच म्हणते मी."

मार्लाने फोनची तार बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "ब्रेनाला देता?"

"केस धुतेय. काय सांगू तिला?"

काय सांगणार? येत नाही म्हणून सांगायचं, तेही मार्जरीच्या तोंडून? "काही नाही," ती म्हणाली. "राहू द्या."

ऑर्विल टेबलाशी बसून ऐकत होता. कानातलं यंत्र काढून ठेवलेलं असलं तरी जे ऐकायचं ते त्याला ऐकू यायचं.

"ट्रॅक्टर," तो म्हणाला. "ट्रॅक्टरला लायसन लागत नाही. तो एल्मर बघ, लायसन गेल्यावर तीन वर्षं ट्रॅक्टरवर दारूच्या अड्ड्यावर जायचा."

"आणि अख्खा मुलूख त्याला हसायचा."

"हसायचा खरा. पण तो पोचायचा."

मार्ला त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि तिने ड्वेनला फोन केला. निळा झगा घालून, ट्रॅक्टरवर बसून, चर्चच्या दारात साऱ्या खोऱ्यासमोर उतरायची तिची तयारी झाली होती. मार्जरीसमोरसुद्धा.

"अगं, दोन्ही ट्रॅक्टर जुंपलेले आहेत," ड्वेन म्हणाला. "तिसरा असता तर मीच म्हटलं असतं."

रविवारी पहाटे आभाळ स्वच्छ होतं, दक्षिणेचा गरम वारा सुटलेला. नव्वद गाई. कास पुसायची, पेले लावायचे, काढायचे, सड आयोडीनमध्ये बुडवायचे, पुढची. मार्ला हाताने काम करत होती आणि मनाने खालच्या चर्चमध्ये होती. आता ब्रेना उठली असेल. आता वेणी कोण घालत असेल? मार्जरी घट्ट घालते, पोरीचं डोकं दुखतं. आता पांढरा झगा डोक्यावरून घातला असेल, आणि उजवा हात वर करताना ओठ चावला असेल. दूध नळीतून टाकीत चाललं होतं आणि तिची छाती भरून आली होती. बाहेर बॉनी ट्रॅक्टरवरून गेली, तिने हात केला, मार्लानेही केला.

घरी येऊन तिने आंघोळ केली आणि निळा झगा घातला. का घातला हे तिला सांगता आलं नसतं. बाहेर आली तर ऑर्विल कोट घालून, केस चापून बसवून पिकअपमध्ये बसलेला.

"तुम्ही कुठं?"

"रविवार आहे. नऊ वाजलेत. तुझ्या कागदावर चर्च आहे की नाही?"

"चर्च बंद आहे, बाबा."

त्याने खिशातली किल्ली वाजवली. "फुंक."

तिने फुंकलं. गाडी निघाली. दोन मैलांवर तिठा येतो. उजवीकडचा रस्ता टेकडीवर वरच्या चर्चला, डावा उतरत उतरत पुलाकडे. मार्ला पाच महिने या तिठ्यावर उजवीकडे वळत आली होती. आज तिचे हात डावीकडे वळले. ऑर्विल काचेवर पडलेला चिलटांचा सडा बघत बसला.

उतार लागला. दोन्हीकडच्या शेतांत माणसं घास गोळा करत होती, त्याचा गोड वास गाडीत भरला. गाडी कशी हलकी चालली होती! अजून बारा मैल. वीस मिनिटं. मागच्या बाकापाशी जाऊन उभं राहायचं, पोरीने वळून बघायचं, बस. एवढंच तर पाहिजे होतं. पुलापाशी शेरीफचा पोलीस रविवारी हमखास गाडी लावून बसतो, आणि मार्लाची पिकअप त्याला पाठ आहे. पण नसेलही आज. त्यालाही पोरंबाळं असतील, त्याचाही घास असेल.

फुंकणी टिवटिवायला लागली.

"बाबा, तुम्ही काहीच का बोलत नाही?"

"मी आंधळा आहे. मला रस्ता दिसत नाही."

तिने गाडी कडेला घेतली आणि नळी तोंडाला लावली. ती फुंकली की चार मिनिटांत पूल. पकडलं तर जानेवारी गेला. आणि नुसता जानेवारी नाही. पोरीच्या डोळ्यांदेखत, चर्चच्या दारातून, आजच्या दिवशी तिला शेरीफच्या गाडीत घालून नेतील, आणि ब्रेना पुन्हा "आई, आई" करेल. मार्लाने दमभर फुंकलं. हिरवा दिवा लागला. मग तिने चाक पुरं फिरवलं आणि गाडी उलटी वळवली. चढ चढताना तिला हमसून रडू येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. तिला पोरगी पाहिजे होती. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

वरचं चर्च बंद पडून आठवडाच झाला होता, तरी आत कोंदट वास धरला होता. ऑर्विलने खिडक्या उघडल्या. दक्षिणेचा वारा आत आला. मार्ला पाचव्या बाकावर बसली. तिसरा बाक रिकामा. म्हातारा तिच्या शेजारी येऊन बसला. कानातलं यंत्र त्याने खिशातून काढून घातलं आणि बोटाने चाक फिरवून मोठं केलं. तेव्हा तिला कळलं, आपण इथे कशाला आलोय ते.

बराच वेळ काहीच नव्हतं. एक माशी होती, आणि खाली कुठेतरी ट्रॅक्टरचा आवाज. मग पाणथळीवरून, वाऱ्यावर तरंगत, एक टोल आला. बारीक, पण स्वच्छ.

"आसेनचा पोरगा. आडनावात पहिला तोच," ऑर्विल म्हणाला.

मग दुसरा. मग तिसरा, दणकट, कुणातरी रांगड्या पोराचा. मार्लाने पुढच्या बाकाची कड धरली होती, बोटांच्या चिरांतून रक्त आलं होतं.

टण्ण... टिण.

ती ताडकन उभी राहिली. "बाबा! ब्रेना!"

"ऐकली. मला ऐकू आली." म्हातारा म्हणाला. तोही उठला आणि दाराशेजारी घंटेची दोरी खुंटीला गुंडाळलेली होती ती सोडायला लागला. प्रार्थना नसताना किंवा मैत नसताना ती दोरी सोडायची नाही, हा त्याचाच नियम. लहानपणी मार्लाने एकदा ओढली होती तेव्हा त्याने तिला उन्हात उभं केलं होतं.

"बाबा, खालच्या मंडळींना काय वाटेल? कुणी मेलं असं वाटेल."

"वाटू दे. आमचं कुंड ठेवलंय त्यांनी चाळीस वर्षं." त्याने दोरी तिच्या हातात दिली. "ओढ, पोरी."

तिने सगळा भार दोरीवर टाकला. डोक्यावर घंटा फिरली, आणि तिचा टोल भिंतीतून, जमिनीतून, तिच्या दातांतून गेला. कबुतरं उडाली. टोल उघड्या खिडक्यांतून बाहेर पडला. पण वारा समोरून होता. खाली जाईल का? पोचेल का? मार्ला दोरी धरून उभी राहिली. दोरी हातात हळूहळू शांत होत गेली.

खाली आता पाचव्या मुलाची पाळी होती. टोल आला नाही. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. ऑर्विलने कानामागे हात धरला होता.

टण्ण... टिण.

आणि लगेच, कुणी थांबवायच्या आत, पुन्हा एकदा.

टण्ण... टिण.